एक्सकॉम २ : चौथ्या मिशनमध्ये आक्का गेली. जुना सेव्ह लोड करू का पुढे जाऊ?

फॉलपिको_सिडको

नमस्कार. सिडकोत पवननगरला माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वय ४९. मुलगा नोकरीला हिंजवडीला गेला तेव्हा पीएस-४ घरीच ठेवून गेला, आणि जाण्याआधी दोन संध्याकाळ शेजारी बसून मला एक्सकॉम २ शिकवून गेला, परग्रहावरच्या शत्रूंशी छोटी तुकडी घेऊन पाळीपाळीने लढायचा गेम. म्हणाला, "आई, यात घाई नाही. तुझा विचार होईपर्यंत समोरचा थांबतो." ते मला एकदम पटलं. बाकीच्या मारामारीच्या गेममध्ये माझे हात पुरे पडत नाहीत. इथे प्रत्येक सैनिकाला दोन चाली, सगळ्यांच्या झाल्या की शत्रूची पाळी. दुकान साडेनऊला बंद करते, जेवण-भांडी आवरली की अकरा ते साडेबारा माझे.

सैनिकांची नावं बदलता येतात म्हणून मी घरातली दिली. माई शार्पशूटर म्हणजे लांबून नेम धरणारी, नाना ग्रेनेडियर, बाळू ड्रोनवाला स्पेशालिस्ट, आणि आक्का रेंजर, म्हणजे पुढे जाऊन भिडणारी. आक्का म्हणजे माझी सिन्नरची मोठी बहीण. तिच्या सैनिकाला मी केससुद्धा पांढरे दिले होते. रेंजर झाल्यावरच्या पहिल्या बढतीत दोनांतलं एक कौशल्य निवडायचं असतं, तिथे मी तलवारीचं ब्लेडमास्टर घेतलं, कारण खरी आक्काही कुठल्याही कामात आधी स्वतः पुढे होते.

चौथं मिशन हॅकचं होतं, म्हणजे शत्रूच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं, आठ टर्नांत, म्हणजे पाळ्यांत, संपवायचं. तीन टर्न उरले होते. नानाने एका ट्रूपरवर, म्हणजे शत्रूच्या साध्या सैनिकावर, गोळी झाडली, ८५ टक्के दाखवत होतं, चुकली. माई लांब मागे राहिली होती, बाळूची पाळी झाली होती. उरली आक्का. वेळ संपतोय म्हणून तिला पिवळ्या रेषेपर्यंत, म्हणजे दोन्ही चाली खर्चून, पुढच्या गाडीआड पळवलं. ती तिथे पोहोचली आणि पलीकडून तिघे नवीनच निघाले. एक ऑफिसर, एक ट्रूपर, एक सेक्टॉइड नावाचा परग्रही. कॅमेरा त्यांच्यावर गेला, ते इकडेतिकडे पांगून आडोशाला बसले, आणि लगेच त्यांची पाळी. ट्रूपर बाजूने आला. गाडीचा आडोसा त्या बाजूला नव्हताच. एका टर्नमध्ये संपलं.

बाकीचे तिघे मी परत आणले, मिशन गेलं. नंतर जहाजातल्या बारमध्ये स्मरणभिंत असते, तिथे आक्काचा फोटो लागला, पांढऱ्या केसांचा. मी तिथेच बंद केलं. सकाळी सातला सिन्नरला फोन लावला. आक्का म्हणाली, "इतक्या सकाळी?" मी म्हटलं, "सहज."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मिशनच्या आधीचा सेव्ह माझ्याकडे आहे, तो लोड करणं योग्य आहे का? आणि माझी चूक नेमकी कुठे झाली? नानाचा नेम चुकला ते नशीब, ते मी सोडून देते. पण माझ्या हातातलं काय चुकलं ते मला समजून घ्यायचंय. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "असं होतं गं." मला तेवढ्यावर थांबायचं नाही. लेव्हल व्हेटरन आहे, चारांतली दुसरी.

गंगापूररोड_जी

काकू, तुम्ही इतकं नीट सांगितलंय की चूक बोट ठेवून दाखवता येते. आक्काला पळवलंत ही चूक नाही. *शेवटी* पळवलंत ही चूक आहे.

शत्रूचा नवा गट दिसला की त्याला एक फुकट चाल मिळते. त्या चालीत तो गोळी झाडत नाही, फक्त आडोसा गाठतो. आता समजा आक्का तुमच्या टर्नमधली *पहिली* हलली असती आणि ते तिघे दिसले असते. ते पांगले असते, पण तुमच्याकडे नाना, बाळू आणि माई यांच्या सगळ्या चाली शिल्लक असत्या. सहा चाली! नानाचा ग्रेनेड, बाळूची गोळी, काहीतरी झालंच असतं. शेवटच्या सैनिकाने गट उघडला की त्यांना फुकट चाल मिळते आणि लगोलग पूर्ण टर्नही मिळतो. म्हणून जो अनोळखी जमिनीवर पाय ठेवणार आहे तो टर्नच्या सुरुवातीला हलवायचा, आणि शक्यतो निळ्या रेषेच्या आतच, म्हणजे एक चाल हातात राहते. शेवटी हलणाऱ्याने पुढचे गेलेत त्याच जमिनीवर राहायचं. पिवळी रेषा फक्त पाहिलेल्या भागात.

दुसरं, ८५ टक्के. जिथे मिशन एका गोळीवर अडकलंय तिथे आधी ग्रेनेड बघा. ग्रेनेड चुकत नाही, आणि शत्रूचा आडोसाही उडवतो. अर्धा आडोसा २० चा बचाव देतो, पूर्ण आडोसा ४० चा. तो उडाला की पुढच्याच्या नेमात तेवढी भर पडते. मी सुरुवातीला ग्रेनेड "पुढे लागतील" म्हणून राखून ठेवायचो आणि मिशन संपलं तरी ते तसेच पाकिटात.

आणि गाडीआड दोन टर्न थांबू नका, आग लागली की ती फुटते.

लोड करायचं का? करा की. तुमचा गेम आहे.

देवळाली_गनर

ताई, नमस्कार. मी तोफखान्यात २४ वर्षं काढून निवृत्त झालो, आता देवळाली कॅम्पातच राहतो. नातवाबरोबर हा खेळ दोनदा पूर्ण केलाय. वरच्या मुलाने जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे, त्यात मला एकच भर घालायची आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

तुमची माई "लांब मागे राहिली" असं तुम्ही लिहिलंत. तिथे मी थांबलो. शार्पशूटर मागेच असायला हवी. तिला स्क्वाडसाइट असतं. म्हणजे तिला स्वतःला शत्रू दिसला नाही तरी चालतं. तुमच्या दुसऱ्या कुणाला दिसला आणि मध्ये भिंत नसली, तर ती तिथून मारू शकते. अंतर फार वाढलं तर नेम थोडा कमी होतो एवढंच. पण तिची रायफल चालवायला दोन्ही चाली लागतात, हलली की त्या टर्नला ती रायफल मुकी. म्हणून तिला बाकीच्यांच्या मागे पळवायचं नाही. मिशन सुरू होताच एखादं उंच छप्पर द्यायचं आणि तिथेच बसवायचं.

आम्ही आयुष्यभर हेच केलं. तोफेवरच्या माणसाला लक्ष्य दिसत नाही. तोफ मागे, कधी कधी पंधरा-वीस किलोमीटर मागे असते. पुढे ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, एक अधिकारी आणि दोन-तीन माणसं दबून बसलेली असतात. ती बघतात, वायरलेसवर सांगतात, पहिला गोळा कुठे पडला ते बघून दुरुस्ती देतात, डावीकडे इतकं, पुढे इतकं. तोफेचं वजन, गोळ्याचं वजन लोकांच्या लक्षात राहतं. पण ओपी नसेल तर तोफ आंधळी आहे. आणि ओपीवरच्या माणसाला आमच्याकडे पहिली शिकवण असते की तू लढायला गेलेला नाहीस. तू *दिसायचं* नाहीस.

आता आक्काकडे या. रेंजरला त्या पहिल्या बढतीत दुसरं कौशल्य होतं, फँटम. ते घेतलं की बाकीची तुकडी शत्रूला दिसली तरी रेंजर लपलेलीच राहते, जोवर ती स्वतः कुणाच्या नजरेत येत नाही तोवर. जमिनीच्या चौकटीवर लाल डोळा दिसतो ना, तिथे पाऊल टाकलं तर शत्रू बघणार. तेवढ्या जागा टाळायच्या. अशी रेंजर म्हणजे तुमची ओपी. ती पुढे दबून बसेल, तिला ते तिघे दिसतील, त्यांना ती दिसणार नाही, आणि माई मागून एकेकाला उचलेल. गट उघडा पडलाच तर तो तुमच्या सोयीने पडेल, नानाचा ग्रेनेड तयार असताना.

तुम्ही आक्काला ओपीच्या जागी पाठवलंत आणि हातात तलवार दिलीत. पुढे होणारं माणूस म्हणून ब्लेडमास्टर दिलं, ते मन मी समजू शकतो. तलवार वाईट नाही, सेक्टॉइडला तर ती जास्तच लागते. पण एकाच माणसाने बघायचंही आणि भिडायचंही, हे चार जणांच्या तुकडीला परवडत नाही.

लोडबद्दल माझं मत वेगळं आहे. मी लोड करत नाही. नातू करतो, त्याच्याशी मी वाद घालत नाही. मला तो फोटो भिंतीवर राहिलेला बरा वाटतो. त्या वरच्या मुलाने एक चूक सांगितली, मी दुसरी सांगितली. ते लक्षात राहायला तो फोटो मदत करेल.

आज आमच्याकडे रेंजवर फायरिंग आहे, खिडकीच्या काचा थरथरताहेत. तुमचं वाचता वाचता आवाज येत होता म्हणून जरा जास्त लिहिलं गेलं.

नाशिकरोड_निशाचर

ताई, एक कामाची गोष्ट. तुम्ही आयर्नमॅन चालू केलेलं नाही ना? त्यात एकच सेव्ह असतो आणि तो प्रत्येक चालीनंतर आपोआप लिहिला जातो. आमच्याकडे मे महिन्यात लाइट गेली, नेमकी सेव्ह होताना, आणि ४० तासांचा खेळ परत उघडलाच नाही. तेव्हापासून पीएस-४ आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेत, आणि प्रत्येक मिशनआधी हाताने नवीन सेव्ह करतो, जुन्यावर लिहीत नाही.

शिवाय व्हेटरनला गेम आतून थोडी मदत करतो. लागोपाठ नेम चुकले की पुढची शक्यता दाखवतो त्यापेक्षा जरा जास्त धरतो. लेव्हल बदलू नका, तिथेच शिका.

फॉलपिको_सिडको

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितेय, लग्नसराईची ब्लाउजं होती.

आयर्नमॅन चालू नाही. मी लोड केलं नाही. काका, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि मग दुकानात मशीनवर बसल्या बसल्या डोक्यात फिरत राहिलं. ओपीवरचा माणूस लढायला गेलेला नाही, हे वाक्य.

नवीन रेंजर घेतली. नाव दिलं नमू, माझ्या भाचीचं, आक्काच्या मुलीचं. ती घरात कधी आली कधी गेली कळत नाही अशी आहे. तिला फँटम दिलं. काल रात्रीचं मिशन सांगते. माईला सुरुवातीलाच एका दुमजली घराच्या छपरावर चढवलं आणि तिथून हलवलं नाही. नाना आणि बाळू मध्ये. नमू प्रत्येक टर्नला *पहिली* हलायची, निळ्या रेषेच्या आत. तिसऱ्या टर्नला नमू एका कुंपणाशी थांबली आणि पलीकडे तिघे दिसले. हातातलं रिमोट मी मांडीवर ठेवलं. ते तिघे चालत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. नमूपासून चार चौकटी. मला माझाच श्वास ऐकू येत होता.

मग नाना आणि बाळू दोघांना ओव्हरवॉचवर ठेवलं, म्हणजे शत्रू हलला की आपोआप गोळी झाडायची, आणि माईला गोळी झाडायला लावली. ६८ टक्के होते, लागली. ऑफिसर पडला. उरलेले दोघे आडोशाला धावले आणि धावता धावता नानाने एकाला घेतलं. बाळूचा चुकला, पण तो शेवटचा पुढच्या टर्नला ग्रेनेडने गेला. नमूने एकही गोळी झाडली नाही. कुणालाही खरचटलं नाही. पहिल्यांदाच चारही जणांची दवाखान्याची यादी रिकामी.

मुलाला रात्री पाऊणला मेसेज केला, सगळं लिहून. तो जागाच होता. म्हणाला, "आई, मी कधीच फँटम घेतलं नव्हतं."

आता तुकडीत पाचवी जागा मिळाली आहे आणि ब्लॅक साइटचं, म्हणजे शत्रूच्या गुप्त तळाचं, मिशन समोर आहे. एकच विचारते. नमूकडे एकच वस्तू बसते. मेडकिट देऊ का बॅटल स्कॅनर, म्हणजे फेकला की लपलेला भाग दाखवणारा? बाळूकडे एक मेडकिट आहेच.

देवळाली_गनर

स्कॅनर. आणि तो भिंतीपलीकडे टाका, मोकळ्या मैदानात वाया घालवू नका.