सेवा फक्त पाळकसाहेबांची?

वर एकांनी लिहिलंय की चर्चमधलं सेवाकार्य पाळकांचं (म्हणजे धर्मगुरूंचं), सभासदांनी उपासनेला यावं आणि अर्पण द्यावं. मला हे मुळीच पटत नाही. बायबलमधलं इफिसकरांस पत्र 4:11-12 पुन्हा वाचा. पाळक आणि शिक्षक नेमले ते पवित्र जनांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी तयार करायला. म्हणजे सेवा करायची ती सगळ्या मंडळीनं. बायबलमधलं जोडपं अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला राहुट्या बनवून पोट भरायचे, पण अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला तो त्यांनीच (प्रेषितांची कृत्ये 18:26).

आणि आपल्याकडचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. पंडिता रमाबाई काही पाळक नव्हत्या. तरी दुष्काळातल्या मुली त्यांनी केडगावला आणल्या, आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत त्या कामातच होत्या.

आमच्या पाळकांकडे तीन गावं आहेत, ते बिचारे कुठे कुठे पुरणार? गेल्या पावसाळ्यात सासरे अंथरुणाला खिळले, तेव्हा मंडळीतल्या एक निवृत्त नर्सकाकू दर मंगळवारी यायच्या. आधी पाठीवरच्या जखमेचं ड्रेसिंग बदलायच्या, मग हात धुऊन, त्यांचा हात हातात घेऊन स्तोत्र 23 म्हणायच्या. सासऱ्यांना बोलता येत नव्हतं, नुसते ओठ हलायचे. याला सेवा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मंडळीच्या पंचांना माझी कळकळीची विनंती आहे. आजाऱ्यांच्या भेटीची यादी एकट्या पाळकांच्या हातात देऊ नका, उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचा.