भिडे वाड्याच्या जागी नुसतं स्मारक की चालू शाळा?

पेठेतला_पाहुणा
आई आणि मावशीला घेऊन दगडूशेठला गेलो होतो, दर्शन झाल्यावर मावशी म्हणाली सावित्रीबाईंची शाळा इथंच ना समोर, दाखव की. आता काय दाखवणार, वाडाच राहिला नाही. 1848 ला मुलींची शाळा निघाली ती जागा, आणि महापालिकेने स्मारक करायचं ठरवलं 2006 ला, वाडा पडला 2023 ला. मधली 17 वर्षं नक्की काय चाललं होतं हे कुणी नीट सांगेल का? आणि दुसरं, तिथे पुतळा आणि फोटोंचं प्रदर्शन करून काय मिळणार, सरळ मुलींची शाळाच का चालवत नाहीत?

जुना_बुधवारकर
भाऊ, वाडा महापालिकेचा नव्हताच, खाजगी मालकीचा. खाली दुकानं, जुने भाडेकरू, दुकानांच्या पाट्या एवढ्या की वर काही ऐतिहासिक आहे हे रोज जाणाऱ्यालाही कळायचं नाही. सभागृहात ठराव झाला म्हणून जागा ताब्यात येते असं थोडीच असतं. भूसंपादन करावं लागतं, मोबदला ठरवावा लागतो, मग मालक आणि भाडेकरू हायकोर्टात गेले आणि तिथे 13 वर्षं गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये हायकोर्टात महापालिका जिंकली, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टातही तेच झालं, आणि 4 डिसेंबरच्या रात्री पोलीस बंदोबस्तात जेसीबी आले.
गंमत म्हणजे ठराव केला नगरसेवकांनी आणि वाडा पाडला तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, मार्च 2022 पासून प्रशासकच होता ना.
दुकानदारांना सरसकट शिव्या देणाऱ्यांनाही एक सांगतो, त्यांचं पोट होतं त्यावर, कोर्टात जाणारच माणूस.

लाकडी_जिना
ते सगळं बरोबर, पण मला पाडल्याचंच जास्त वाईट वाटतं. केस चालू म्हणून दुरुस्ती कुणीच करेना, मालक खर्च करणार नाही कारण जागा जाणारच आहे, महापालिका करू शकत नाही कारण ताबा नाही, आणि दर पावसाळ्यात वाडा आणखी बसत गेला. शेवटी धोकादायक म्हणून पाडण्याशिवाय पर्याय उरला नाही. म्हणजे वाडा जेसीबीने नंतर पाडला, आधी तारखांनी पाडला.
चार पावलांवर विश्रामबागवाडा बघा, 1807 चा, अजून उभा. जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला तो तिथेच, 16 नोव्हेंबर 1852 ला. सत्काराची जागा शाबूत आणि ज्या कामासाठी सत्कार झाला ती जागा सपाट, बोला आता.

खडू_आणि_डस्टर
मी 22 वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलंय म्हणून बोलते. शाळा चालवा म्हणणं छान वाटतं, पण जागा केवढी आहे बघितलीत का? मैदान नाही, समोर शिवाजी रोडची ट्रॅफिक, गणपतीचे दहा दिवस तर तिथून पालकसुद्धा चालू शकणार नाहीत, मुली कुठून येणार. आणि आजूबाजूच्या पेठांमधली वस्ती कमी होत चाललीये, पट भरायचा कुठून? वर्षभरात "पटसंख्या कमी" म्हणून बंद करतील आणि ती बातमी जास्त लागेल जिवाला.
त्यापेक्षा मुलींसाठी अभ्यासिका काढा. सदाशिव, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुली एका खुर्चीसाठी महिन्याचे पैसे मोजतात. खाली संग्रहालय ठेवा, वरचा एक मजला त्यांना द्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडा आणि फी घेऊ नका. स्वच्छतागृह मात्र धड पाहिजे हो, आमच्या शाळेत त्यापायीच मोठ्या मुली गळायच्या.

कॉर्नरवाला_काका
भूमिपूजन झालंय, सप्टेंबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ऑनलाइन केलं, स्वारगेट मेट्रोच्या उद्घाटनाबरोबरच. तेव्हा आता इथे मतं मांडून काय होणार.

खडू_आणि_डस्टर
काका, कोनशिला बसली म्हणून आत काय चालणार ते ठरत नाही. किल्ली कुणाकडे, वेळ काय, सोमवारी बंद का, हे सगळं नंतरच ठरतं आणि तेव्हा कुणी विचारायला जात नाही.

पेठेतला_पाहुणा
ताई, अभ्यासिकेचं पटलं, शाळेचा हट्ट सोडला. मावशीला तुमचं वाचून दाखवलं, ती स्वतः सातवीनंतर घरी बसवलेली, म्हणाली माझी खुर्ची खिडकीशी ठेवा. मग पुढच्या रविवारी तिला गंज पेठेत फुले वाड्यावर नेतो, तो तरी आहे जागेवर. आईला हौद बघायचाय, जोतीरावांनी सगळ्यांना खुला केलेला. सकाळी किती वाजता उघडतं तिथे, माहिती आहे का कुणाला?