मदत हवी आहे: हाफ ट्रायथलॉनला कोणता सूट?

जळगाव-धुळ्याकडच्या ट्रायथलॉनवाल्यांनो, सल्ला हवा. स्प्रिंटला, म्हणजे छोट्या ट्रायथलॉनला (७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं) एकच ट्रायसूट (तिन्ही टप्प्यांत अंगावर राहणारा घट्ट सूट) पुरतो. त्याचं बुडाखालचं पातळ पॅड लवकर वाळतं. अडचण हाफची आहे. ९० किमी सायकलला ते पॅड कमी पडतं, आणि सायकलिंगची जाड पॅडवाली शॉर्ट घालून पोहलं तर ती स्पंजासारखं पाणी धरते, मग २१.१ किमी धावताना मांड्या सोलून निघतात. त्यात आपल्याकडचं ऊन! घाम वाळून शिवणीवर मिठाची पांढरी रेघ उमटते, तीच काखेत कानशीसारखी घासते. पोहण्याआधी लावलेलं व्हॅसलीन धावेपर्यंत टिकत नाही. मग पोहून आल्यावर कोरडी शॉर्ट बदलावी, की टॉप-शॉर्ट वेगळे असलेला सूट घ्यावा? लघवीला तो सोयीचा, पण टॉप वर सरकून कंबर भाजते का? बाह्यांचा सूट मे महिन्यात कुणी वापरलाय का?