डब्यात दाणे बंद? मग बडोद्याच्या मुलांनी खायचं काय!

दांडियाबाजारची आई
शाळेच्या ग्रुपवर काल फर्मान आलं. दुसरीत एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणून वर्गात कुणीच डब्यात दाणे आणायचे नाहीत. मुलाबद्दल वाईट वाटतंच. पण फर्मान काढणारे कधी स्वयंपाकघरात डोकावलेत का? आमच्याकडे कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपासाची खिचडी तर कुटाशिवाय होतच नाही. शेजारच्या गुजराती मावशींच्या डाळीत दाणे, बटाटापव्यात दाणे आणि तळण सगळं सिंगतेलात, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात. श्रावणी सोमवारी मी लेकीला काय देऊ? एकासाठी चाळीस डबे बदलायचे, हे मला पटत नाही. स्पष्ट बोलले, राग मानू नका.

मांजलपूरकर
राग आलाच, ताई. खिचडी नाही मिळाली तर तुमची लेक फार तर रुसेल. माझ्या पुतण्याला काजू चालत नाही. लग्नात कुणीतरी कौतुकानं काजूकतलीचा तुकडा भरवला. आधी ओठ सुजले, मग अंगभर गांधी, उलटी आणि श्वासाला घरघर. सगळं वीसेक मिनिटांत. या वयाची पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालणारच, वाटून खा म्हणून आपणच शिकवतो. बंदी हवीच.

सुरसागरचे आजोबा
आमच्या वेळी ही ॲलर्जी-बिलर्जी नव्हती. खिसाभर खारी सिंग घेऊन शाळेत जायचो.

त्या मुलाची आई
ज्याच्यावरून हे सुरू झालं तो मुलगा माझा. खरं सांगते, बंदी मी मागितलीच नव्हती.

त्याच्या आधीच्या शाळेत बंदी होती. तरीही उत्तरायणच्या आदल्या दिवशी वर्गात चिक्की वाटली गेली. बाईंनी आठवणीनं याला तिळाची दिली, पण ती दाण्याच्याच ताटात, त्याच सुरीनं कापलेली. थोड्या वेळानं मला फोन: ‘पुरळ आलंय, ॲलर्जीचं सिरप दिलंय, संध्याकाळी डॉक्टरांना दाखवा.’ मी पोहोचले तेव्हा त्याच्या दोन उलट्या झाल्या होत्या आणि आवाज बसला होता. सिरपनं खाज कमी होते. घशाची सूज आणि घसरणारा रक्तदाब त्यानं आवरत नाही. तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि ताबडतोब. बाईंचा हेतू चांगलाच होता. फाटकावर पाटी होती, त्यामुळे इथे दाणे येणारच नाहीत, असं सगळे धरून चालले होते.

म्हणून मी या शाळेला इंजेक्शन ठेवा आणि दोन माणसं तयार करा म्हटलं. त्यांनी त्याचं फर्मान केलं, कारण ते सोपं.

मांजलपूरकर
बंदी पुरत नाही, एवढंच यातून निघतं. बंदीच नको, हे कसं काय?

त्या मुलाची आई
दादा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी शाळांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. शाळाभर दाणेबंदी होती तिथेही ॲड्रिनलिन द्यायची वेळ कमी आली नाही. जिथे बिनदाण्याचं वेगळं टेबल होतं, तिथे मात्र ती कमी आली. मला तसा एक बाक हवा. आणि खाऊन झालं की साबणानं हात धुणं. सॅनिटायझरनं दाण्याचा अंश जात नाही.

मांजलपूरकर
वेगळा बाक म्हणजे सात वर्षांच्या पोराला वाळीतच टाकायचं की!

त्या मुलाची आई
तो बाक एकट्या त्याचा नाही. ज्याच्या डब्यात दाणे नाहीत ते कुणीही तिथे बसेल. कोण बसेल, ते बघू.

रावपुऱ्याच्या बाई
मी शिक्षिका. पंचेचाळीस मुलं, रिसेस वीस मिनिटांची. त्यात सुई टोचायची? चुकलं तर पालक मलाच धरतील. हे काम नर्सचं, आणि आमच्याकडे नर्स नाही.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ
बाईंना दोष देऊ नका, त्यांची भीती खरी आहे. परदेशातल्यासारखं ॲड्रिनलिन आधीच भरलेलं तयार पेन आपल्याकडे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. डोस किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला, एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून (काचेच्या कुपीतून) ०.२ मिलिलिटर. घाबरलेल्या माणसानं ॲम्प्यूल फोडून हे मोजायचं, हे सोपं नाही. पण त्या मुलाच्या डॉक्टरांकडून लेखी घेऊन, सिरिंजवर खूण करून, रिकाम्या सिरिंजनं चार वेळा सराव केला की हात बसतो. मुलाला आडवं करा, पाय उंच ठेवा (श्वास लागला असेल तर बसू द्या), चालवू नका, १०८ ला फोन लावा. पाच-दहा मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस.

आणि आजोबा, तुमचं निम्मं बरोबर आहे. २०१५ चा एक ब्रिटिश प्रयोग आहे. इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या बाळांपैकी काहींना लवकरच दाण्याचे पदार्थ नियमित दिले. पाचव्या वर्षी त्यांच्यात दाण्याची ॲलर्जी, दाणे न दिलेल्या बाळांपेक्षा, सुमारे ८० टक्के कमी निघाली. पण ज्याला ॲलर्जी आधीच आहे त्याला ‘सवय’ लावायला जाऊ नका. बाळाला अख्खा दाणा तर मुळीच नको, श्वासनलिकेत अडकतो.

रावपुऱ्याच्या बाई
लेखी कागद आणि माझ्याबरोबर आणखी एक माणूस मिळणार असेल तर मी शिकेन. एकटी नाही.

मांजलपूरकर
माझं मत तेच. मोठ्या वर्गांचं एक वेळ सोडा, पण केजीतली पोरं बाक-बिक पाळत नाहीत. तिथे बंदी ठेवा.

दांडियाबाजारची आई
चिक्कीचं वाचलं आणि गप्प बसले होते. फर्मान मला अजूनही पटत नाही, पण सोमवारी लेक त्या बाकावर बसेल. प्रश्न डब्याचाच. वरी दिली असती, पण वरीबरोबर आमटी दाण्याचीच. राजगिऱ्याची पुरी आणि बटाट्याची भाजी चालेल ना? घरात तेल घाण्याचं आहे, सिंगतेल.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ
मग तेही नको. चांगल्या रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ राहत नाही, घाण्याच्या तेलात राहतं.

त्या मुलाची आई
ताई, पुरी तुपात तळाल का? एक जास्त ठेवा, त्याला राजगिरा आवडतो.