मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यानंतर घरी एकटं राहण्याची सवय कशी लावावी? (इंदूर)

रेवा_इंदूर
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. नवऱ्याच्या डोक्याला अपघातात मार लागला, ऑपरेशन झालं. आता चालतात, बोलतात, जेवतात. घरी सोडताना कागदावर "रिकव्हरी उत्तम" लिहून दिलं. भेटायला येणारेही म्हणतात, अगदी ठणठणीत दिसतात की! पण सांगितल्याशिवाय आंघोळीला उठत नाहीत. टॉवेल हातात दिला तर तो घेऊन तसेच उभे. दूध गॅसवर ठेवतात आणि बाल्कनीत जाऊन बसतात. सासूबाई ब्रशवर पेस्टसुद्धा लावून देतात. मी काही म्हटलं की "आजारी माणसाला कामाला जुंपतेस" हे ऐकावं लागतं.
पुढच्या महिन्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला जाणार आणि मला शाळेत रुजू व्हायचंय. रजा शिल्लक नाही. सकाळचे दोन-तीन तास हे सुरक्षित राहावेत, आपलं आपण आवरावं, कोपऱ्यावरून किराणा आणावा, एवढंच हवंय. कुणी घरी करून घेतलंय का? नेमकं कसं? "धीर धरा" कृपया सांगू नका.

निमकर_काका
अपघात कधी झाला? वय काय? मार नेमका कुठे? एवढ्या माहितीवर कोण काय सांगणार?

रामबागकर
अपघात रस्त्यावरचा असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केलाय का? २०१९ च्या दुरुस्तीत ६ महिन्यांची मुदत घातलीये, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. शिवाय दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

रेवा_इंदूर
दाव्याचं वकील बघतायत, माझा प्रश्न तो नाही. वय ४१. दिवाळीनंतर झालं. मार कपाळामागे, दोन्ही बाजूंना.

शतावरी
ताई, ब्राह्मी घृत आणि नस्य (नाकात औषधी थेंब) सुरू करा. माझ्या मावसभावाला खूप फरक पडला. इंग्रजी गोळ्यांनीच मेंदू सुस्त होतो, त्या हळूहळू सोडा.

सई_ओटी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, पुण्यात; आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवते. शतावरी, कृपया गोळ्या सोडायला सांगू नका. फिटची गोळी मनाने बंद केली तर फिट पुन्हा येऊ शकते, कधी न थांबणारीही. रेवा, गोळ्या कोणत्या आहेत? फिट आली होती का? एकटं ठेवायचं की नाही, ते आधी यावर ठरेल. आणखी एक, काल घरी कोण आलं होतं ते त्यांना आठवतं का?

रेवा_इंदूर
हॉस्पिटलात असताना एकदा आली होती. फिटची गोळी लेव्हेटिरासिटाम चालू आहे, नंतर फिट आली नाही. कालचं आठवत नाही. जुनं सगळं आठवतं, राजवाड्यापासून घरापर्यंतची गल्ली न् गल्ली सांगतात.

निमकर_काका
अहो, फिटचं तर सगळ्यात आधी सांगायचं! गाडी चालवतात का? लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट आणि अचानक शुद्ध हरपण्याबद्दल सरळ विचारलेलं असतं.

रेवा_इंदूर
नाही. चावी दिराकडे आहे. आता कुणी किराण्याबद्दल सांगाल का?

बापमाणूस
माझ्या मुलाला असाच मार होता. तुम्ही लोक फार जपता. ठेचकाळू द्या! दूध करपू द्या, दुकानातून चुकीचं सामान येऊ द्या. माझा मुलगा चुका करूनच शिकला, आज कामावर जातो.

सई_ओटी
बापमाणूस, तुमच्या मुलाला आपली चूक दुसऱ्या दिवशी आठवत असणार, म्हणून जमलं. ज्याला आठवत नाही त्याच्या हाताला चुकीचीच सवय लागते. म्हणून अशा वेळी अंदाज करायला लावायचं नाही, "आठव बरं" म्हणायचं नाही. पहिल्यापासून बरोबर तेच करून घ्यायचं.
रेवा, टॉवेल घेऊन उभं राहणं हा आळस नाही आणि हट्टही नाही. काम सुरू करून देणारा भाग कपाळामागेच असतो. आंघोळ कशी करायची हे त्यांना ठाऊक आहे, सुरुवात होत नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, सुनेचं ऐकणं कठीण जातं.
एकच काम धरा, समजा दात घासणं. जागा तीच, क्रम तोच, शब्दही तेच. सगळं त्यांच्यासोबत करा आणि शेवटची एकच पायरी, ब्रश धुऊन ठेवणं, त्यांच्यावर सोडा. ती न सांगता व्हायला लागली की शेवटच्या दोन सोडा. पेस्ट लावणं सगळ्यात शेवटी त्यांच्याकडे येईल, म्हणजे सासूबाईंचा हातही हळूहळूच निघेल. सुरुवातीची आठवण माणसाने करून द्यायची गरज नाही, मोबाइलचा अलार्म लावा. त्यावर तुमच्याच आवाजात "उठा, ब्रश घ्या".
गॅसला मात्र हे लावू नका. रेग्युलेटर बंद ठेवा, टायमरने आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी वापरा.

बापमाणूस
आणि माणूस आयुष्यभर अलार्मवरच चालवायचा? याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

सई_ओटी
मी म्हणते. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण परावलंबी म्हणत नाही.

निमकर_काका
फिनिअस गेजबद्दल वाचा. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर लोखंडी पहार गालाखालून शिरून डोक्यातून आरपार गेली. त्याचा बिघडलेला स्वभावच सगळे सांगतात, पण पुढे तो चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. रोजचं ठरलेलं काम होतं म्हणूनच तो सावरला, असं काही अभ्यासक मानतात.

मीनल_बडोदे
रेवा, माझ्या बहिणीचं सगळं बडोद्यात झालं. आमची थेरपिस्ट गुजरातीत बोलायची आणि बहीण घरी मराठीत. घरच्या सूचना मराठीत लिहिल्या तेव्हा गाडी पुढे सरकली. दुकानात तुमचे अहो हिंदीत बोलत असतील, तर किराण्याची चिठ्ठी हिंदीत द्या. थकव्याकडेही लक्ष ठेवा. ती दुपारी चिडायची ते आम्हाला स्वभाव वाटायचं, निघाली मेंदूची दमणूक. दमायच्या आधी विश्रांती द्यायची.

रामबागकर
अवांतर: रेवाताई, रामबागेत राहता का? आमच्या मामांचं घर तिथेच. आणि कार्डाचं मनावर घ्याच, लोक कंटाळा करतात.

रेवा_इंदूर
नाही, सुदामा नगर. सई, खूप आभार. पण वेळ महिनाभराचाच आहे. दात आणि दुकान एकदम धरलं तर चालेल का? दुकानदार ओळखीचे आहेत, रस्ता ओलांडावा लागत नाही.

सई_ओटी
चालेल, दोन्हींचे क्रम वेगळे ठेवा. दुकान सकाळी, डोकं ताजं असताना. चिठ्ठीत तीनच वस्तू, पैसे मोजून पाकिटात, खिशात तुमचा नंबर. दुकानदाराला भेटून सांगा की "और कुछ?" विचारू नका. आधी सोबत चाला, मग दहा पावलं मागून, मग घराच्या फाटकातून बघा. पण महिनाभरात तीन तास एकटं ठेवता येईल असं मी म्हणणार नाही. आधी न्यूरॉलॉजिस्टना फिटच्या बाबतीत स्पष्ट विचारा, आणि तोवर सकाळी घरात कुणीतरी हवं. सोबत बसणाऱ्याला सांगून ठेवा, यांच्या हातात काही आयतं द्यायचं नाही.

रेवा_इंदूर
खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त आहेत, सकाळी पेपर वाचायला वर येऊन बसतील. सासूबाईंना घेऊन परवा डॉक्टरांकडे जातेय.

शतावरी
निदान ब्राह्मीचं तेल तरी डोक्याला लावून बघा, त्याने नुकसान नाही.