मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवायच्या तर कुलूप लागतंच का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, जबड्याचा कॅन्सर आहे. चाळीस वर्षं तंबाखूचा बार भरला, दुसरं काय. आता परळच्या दवाखान्यातून मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. दर चार तासांनी एक, म्हणजे महिन्याच्या १८०. गोळी सुरू झाल्यापासून माणूस निदान बोलतो तरी, नाहीतर नुसतं भिंतीकडे तोंड करून कण्हणं.

पण आमचे चुलत दीर कोर्टात कारकून आहेत. ते म्हणाले, "वहिनी, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा लागेल. शंभराच्या वर गोळ्या सापडल्या तर जामीनही नाही." झालं, माझी झोप उडाली. गोळ्या आधी देवघराच्या खणात ठेवल्या, मग तांदळाच्या डब्यात. रात्री दोनला अण्णांची गोळीची वेळ, आणि मी मोबाइलच्या उजेडात तांदूळ चिवडतेय!

पेशंटच्या घरी परवाना लागतो का? कुलूप सक्तीचं आहे का? आणि दर महिन्याला कोयना एक्सप्रेसने गोळ्या आणताना कुणी बॅग तपासली तर? घरात चार वर्षांचा मुलगा आहे, तीही धास्ती आहेच.

गावभर:
दीर बरोबर सांगताहेत. १०० गोळ्यांची मर्यादा आहे. जपून.

मिरजेची सिस्टर:
ताई, आधी तो तांदळाचा डबा मोकळा करा. अकरा वर्षं पॅलिएटिव्ह, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना कमी करणाऱ्या वॉर्डात आहे, हा प्रश्न दर महिन्याला येतो.

@गावभर, तो शंभराचा आकडा मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांचा, म्हणजे अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या गोळ्यांचा. दीर्घ उपचार असतील तर तिथेही ३०० पर्यंत चालतात. मॉर्फिनचं खातं वेगळं. १९८५ च्या याच एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. त्या नियमांत पेशंटसाठी सरळ लिहिलंय: तुमच्या वापरासाठी एका वेळी जेवढं रीतसर दिलं, तेवढं तुम्ही बाळगू शकता. तुम्हाला १८० दिल्या, तर १८०. परवानगी, नोंदवही, साठ्याचा हिशेब हा सगळा व्याप आमचा, दवाखान्याचा. तुमचा नाही.

घरी कुलूप हवंच असं या नियमांत पेशंटला कुठे सांगितलेलं नाही. मी मात्र सांगते, लावाच. पोलिसांसाठी नव्हे, तुमच्या लेकासाठी. एवढ्याशा पोराचा श्वास एका गोळीनेही मंदावू शकतो. गोदरेजच्या कपाटातला आतला खण वापरा, किल्ली तुमच्याकडे आणि यजमानांकडे. गोळ्या मूळ पट्टीतच राहू द्या. एका वहीत वेळ आणि शिल्लक लिहीत जा.

आणि शेजारच्या काकूंची कंबर कितीही दुखू दे, त्यांना एकही गोळी द्यायची नाही. गुन्हा होतो तो तिथे.

रिकामा डबा:
कोयनेने दोन वर्षं ये-जा केलीय, वडिलांसाठी. गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत, सोबत प्रिस्क्रिप्शन आणि केसपेपरची झेरॉक्स. एकदाही कुणी विचारलं नाही. वडील गेल्यावर २२ गोळ्या उरल्या होत्या. आईला त्या घरात नकोत आणि कचऱ्यातही टाकवेनात. शेवटी तेराव्यानंतर मीच परळला परत नेऊन दिल्या.

मिरजेची सिस्टर:
योग्य केलंत, परत देणं उत्तमच. ते जमलं नाही तर २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी काही औषधं संडासात टाकून पाणी सोडायला सांगितलंय, त्या यादीत मॉर्फिन आहे. इतर औषधांना हा नियम लावू नका. आणि ताई, पोट साफ व्हायचं औषध चालू आहे ना? मॉर्फिनबरोबर ते विसरायचं नाही.

कृष्णाकाठ:
चालू आहे सिस्टर, धन्यवाद. दिरांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. "बघतो" म्हणाले, म्हणजे पटलंय.

काल वही सुरू केली, तर शिल्लक दोनने कमी भरली. घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले, बिचाऱ्या कामवाल्या मावशींकडेसुद्धा. आज सकाळी भाताला तांदूळ निवडताना पट्टीचा दोन गोळ्यांचा कापलेला तुकडा हाताला लागला. आधी मावशींना चहा करून दिला, मग वही दुरुस्त केली.