टेक्स्ट गेममध्ये गाणी घालावीत का? (माझं मत: घालावीत, पण वाचकाला काम देऊन)

तलावपाळीकर (धागाकर्ती)

चित्र नाही, आवाज नाही, नुसतं वाचायचं आणि पुढे काय करायचं ते निवडायचं, अशा गेममध्ये गाणं घालणं म्हणजे वेडेपणा, असं मला दोघातिघांनी ऐकवलंय. मला ते पटत नाही.

छापील गाणं मनातल्या मनात ऐकायची सवय मराठी वाचकाला जुनी आहे. १८८० साली किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं, त्यानंतरची संगीत नाटकांची कुठलीही जुनी छापील प्रत उघडून बघा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल अमुक' असं लिहिलेलं असतं. घरी बसून पुस्तक वाचणारा माणूस तेवढ्यावर गुणगुणायला लागायचा.

मी ट्वाइनमध्ये (निवडीच्या गोष्टी लिहायचं सॉफ्टवेअर) एक गोष्ट लिहितेय. लग्न वाशीला, खेळणारा अजून ठाणे स्टेशनवर, आणि ट्रान्स-हार्बरची गाडी डोळ्यांदेखत सुटते. तिथे अभंगाच्या घाटात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांत, हे येतं:

वाशीची लोकल
धावत मी आलो
घामाघूम झालो
गाडी गेली

शेवटची चार अक्षरं म्हणजेच निवड. 'गाडी गेली' दाबलं तर बाकावर बसायचं. त्याच जागी 'रिक्षा बघू' आणि 'घरी जाऊ' हेही पर्याय आहेत, तेही चार अक्षरांचे. म्हणजे कडवं पुरं कसं करायचं हे खेळणारा ठरवतो. नुसतं सजावटीचं गाणं असेल तर मीही ते काढून टाकेन.

ऐरोलीचा_आळशी

असहमत. कादंबरीत तिरप्या अक्षरांतली कविता आली की माझा डोळा आपोआप खालच्या परिच्छेदावर जातो. तुमचाही जात असणार, कबूल करा अथवा करू नका.

नाटकात पद टाळता येत नाही, समोर जिवंत माणूस गात असतो. वन्स मोर घेत नाटकं रात्र रात्र चालायची, ती काय कथानकासाठी? सुभद्रेचं लग्न अर्जुनाशी लागणार हे अख्ख्या थिएटरला माहीत असायचं. लोक गळा ऐकायला यायचे. तुमच्याकडे गळाच नाही, ताई.

दुसरं, १९७६ साली विल क्राउथरने गुहा धुंडाळायचा गेम लिहिला तेव्हापासून या प्रकारात खेळणाऱ्याच्या हातात मुख्य सत्ता एकच: पुढे जायची. गाणं नेमकं तिथेच त्याला थांबवतं. आणि 'चाल अमुक'चं म्हणाल तर ती चाल वाचणाऱ्याला पाठ होती. आज वीस वर्षांच्या पोराला साकी आणि दिंडी या वृत्तांतला फरक विचारून बघा.

घंटाळी_गल्ली

एवढा काथ्याकूट कशाला? ऑडिओ लावा ना. ट्वाइनच्या शुगरक्यूब या फॉरमॅटमध्ये आवाज वाजवायची सोय आहे. विषय संपला.

तलावपाळीकर

नाही संपत. खेळणाऱ्याने एकदा तरी टॅप केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सोडत नाही, ते एक सांभाळता येईल. पण माझ्या कडव्याचे तीन शेवट आहेत. नायक आणि नायिका धरून सहा. सहा वेळा रेकॉर्डिंग? उद्या एक पर्याय वाढवला की परत माईकपुढे! शिवाय जे लोक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळतात त्यांना एकाच वेळी दोन आवाज ऐकू येतात, वाचणारा आणि गाणारा. त्यात काय कळणार?

झीलकरी

धागाकर्तीच्या बाजूने, पण कामाचं बोलतो.

एक. खेळणाऱ्याने सुरुवातीला टाइप केलेलं नाव गाण्यात घालू नका. सई दोन अक्षरं, अनिकेत चार. अभंग तिथेच लंगडतो. 'दादा' आणि 'ताई' वापरा. दोन्ही दोन अक्षरी, दोन्हींच्या मात्रा चार. ओवी असो, साकी असो, अदलाबदल केली तरी धक्का लागत नाही.

दोन. लिंग. इंग्रजीत गेम लिहिणाऱ्यांना 'मी आले की आलो' हा घोळच नसतो. आपल्याकडे क्रियापद बदलतं. मात्र तुमच्या कडव्यात ते नकळत सुटलंय. 'आलो'शी 'झालो' जुळतं आणि बाई असेल तर 'आले'शी 'झाले'. अक्षरं तेवढीच, यमक शाबूत. यमकाच्या दोन्ही जागी खेळणाऱ्याचंच क्रियापद ठेवा, म्हणजे एकच व्हेरिएबल (कोडमधली बदलती जागा) पुरतं. एका जागी क्रियापद आणि दुसऱ्या जागी नाम ठेवलंत की अर्ध्या खेळणाऱ्यांचं यमक तुटलं.

तीन. कृपा करून गाणं एकेक अक्षर टाइप होताना दाखवू नका. देवनागरीत ते भयंकर दिसतं. कोड 'क्ष'चे तुकडे पाडतो, मग स्क्रीनवर आधी क, मग पाय मोडका क्, मग क्ष. वेलांटी एकटी पडली तर तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ येतं. दाखवायचंच तर अख्खा चरण एकदम दाखवा, आणि टॅप केल्यावरच. टायमरवर सोडलात तर ऐरोलीकर म्हणतात तसं खेळणारा खरोखर चिडेल.

ऐरोलीचा_आळशी

झीलकरी, हे सगळं गाणं *बिघडू नये* म्हणून. गाण्याने गेम *सुधारतो* कुठे, ते सांगा. स्टेशनवरच्या कडव्याऐवजी साध्या गद्यात तीन लिंका दिल्या तर काय गमावलं? काही नाही.

तलावपाळीकर

स्टेशनवर कदाचित काही नाही. ते कडवं मुळात सवय लावायला आहे, की या गोष्टीत ओळीचा शेवट तुमच्या हातात असतो.

खरी जागा पुढे, वाशीच्या हॉलमध्ये. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चालू आहेत. ही चाल वीस वर्षांच्या पोरालाही पाठ आहे, साकी-दिंडी येत नसली तरी. ओळ शार्दूलविक्रीडित वृत्तातली, एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. यतीनंतर उरतात सात, आणि कडव्याच्या शेवटच्या ओळीत ती सात ठरलेली: कुर्यात् सदा मंगलम्. प्रत्येक कडव्यानंतर खेळणाऱ्याने 'सावधान' दाबायचं, मग अक्षता पडतात. तीन वेळा हात आपोआप जातो. दरम्यान त्याला कळलेलं असतं की मुलीला हे लग्न नकोय. चौथ्या कडव्याला 'सावधान' शेजारी दुसरं बटण नाही. फक्त न दाबणं आहे. पुढचं सगळं त्यावर.

घंटाळी_गल्ली

बापरे. हे चांगलंय. ऑडिओची सूचना मागे.

ऐरोलीचा_आळशी

प्रसंग चांगला आहे, वाद नाही. पण हे श्रेय गाण्याचं नाही, बटणाचं. वृत्त काढा, 'भटजींनी आणखी एक कडवं म्हटलं' एवढं एक वाक्य ठेवा, बटण तसंच ठेवा. ताण तेवढाच.

झीलकरी

तेवढा नाही. गद्यात बटण कधी दाबायचं ते बटणच सांगतं. वृत्तात बारावं अक्षर गेलं की आतून कळतं, आता सात उरली. हात उचलायला किंवा आवरायला तेवढा अवधी मिळतो. न दाबणारा माणूस त्या सात अक्षरांत न दाबायचं ठरवतो. एका गद्य वाक्यात तो अवधी कुठून आणणार?

ऐरोलीचा_आळशी

मग सगळा डाव वृत्तावर आलाय, हे लक्षात ठेवा. एका ओळीत वीस अक्षरं झाली की तुमचा अवधी गेला आणि मी म्हणतो तेच खरं ठरलं. आणि तीन कडवी निमूट वाचायला लावणार असाल तर मी दुसऱ्यालाच न वाचता दाबणार. माझ्यासारखे बरेच आहेत. त्यांच्यासाठी काय ठेवलंय?

तलावपाळीकर

तुमच्यासाठी आत्याबाई ठेवल्यात. यतीच्या आधी 'सावधान' दाबलंत तर अक्षता मध्येच पडतात, भटजी थांबतात आणि आत्याबाई सगळ्यांदेखत तुमचा उद्धार करतात. कडवं पहिल्यापासून.

ऐरोलीचा_आळशी

हा अन्याय आहे. फाइल पाठवा, अक्षरं मोजतो.